प्रभारी, कच्चा उतार

शेवटचा पट्टा मारून मी मशीन थांबवलं, खाली उतरलो आणि केलेल्या कामाकडे वळून पाहिलं. सकाळचे पावणेसात झाले होते. समोरच्या शिखरावर नुकतं ऊन आलं होतं. वरच्या देवदारांपासून खालच्या लाकडी फाटकापर्यंत सबंध उतार असा तयार झाला होता, की मूठभर मोहरी फेकली असती तर दाणा न् दाणा मोजून घेता आला असता. एक खड्डा नाही, एक उंचवटा नाही. मी स्वतःवर इतका खूश होतो की तिथेच उभ्या उभ्या तंबाखू मळायला घेतली.

"वा रे पठ्ठ्या," मी स्वतःलाच म्हणालो. म्हणायला दुसरं कुणी नव्हतं.

मी ज्योतिराम खाडे. गाव माण तालुक्यात. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं आणि बर्फ लग्नातल्या सरबताच्या पिंपात. पण पलटणीत सतरा वर्षं डोझर चालवला आणि त्यातली निम्मी हिमालयात बर्फाखालचे रस्ते मोकळे करण्यात गेली. पेन्शनीवर आल्यावर चार महिने घरी बसलो. पाचव्या महिन्यात बायको म्हणाली, "फळीवरचे डबे तुम्ही तिसऱ्यांदा एका रेषेत लावलेत. कुठंतरी नोकरी बघा."

नोकरी मिळाली ती गढवालातल्या धारखाल नावाच्या जागी. पुण्याच्या एका कंपनीनं तिथला स्कीइंगचा उतार चालवायला घेतला होता आणि त्यांना बीटर चालवणारा हवा होता. बीटर म्हणजे रुंद पट्ट्यांवर चालणारं मशीन. पुढचं पातं बर्फ सारखा करतं, मागचा रोलर तो कुसकरतो आणि त्यामागची रबरी फळी दाबून त्यावर बारीक रेघा उमटवते. आपण कुळवून झाल्यावर रानावर फळी फिरवतो, तेच काम. नेमणूक हंगामापुरती, तीन महिन्यांची. 'काम पाहून पुढे कायम करू' असं पत्रात लिहिलेलं होतं. ते वाक्य मला तोंडपाठ होतं.

काम माझ्या हाताचंच होतं, पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. उताराच्या मधोमध बांबूंची एक रांग होती. तिच्या डावीकडचा अर्धा भाग मी रोज बीट करायचा. त्याला पक्का उतार म्हणत. उजवीकडच्या अर्ध्याला कुणी हातच लावत नसे. पडेल तसा बर्फ पडायचा, वारा नेईल तसा जायचा. मांडीएवढे ढीग, मधे खोलगट जागा, कुठे कोल्ह्याची पावलं. तो कच्चा उतार. दोन्ही शेजारी शेजारी पाहिले की अर्धीच दाढी करून उठलेला माणूस आठवायचा.

हा नियम होता कलमसिंग पंवारांचा. ते तिथले मुख्य प्रशिक्षक, वय अठ्ठावन्न, अंगानं सडपातळ, चेहरा उन्हा-बर्फानं काळा पडलेला. मी त्यांना भैजी म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ. ते मला भुला म्हणायचे, म्हणजे धाकटा. आम्ही हिंदीत बोलायचो. त्यांची हिंदी गढवाली वळणाची, माझी माणदेशी. तिथल्या लोकांचं बोलणं मी इथे मराठीतच सांगतो.

"डावीकडे तुझं राज्य, भुला," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "बांबूच्या पलीकडे जायचं नाही."

"का, भैजी? डिझेल कमी देतात का?"

"ती देवाची बाजू आहे."

देवाधर्माच्या गोष्टीत परक्या मुलखात तोंड घालू नये, हे पलटणीत शिकवतात. पण रोज संध्याकाळी त्या बांबूंपाशी मशीन वळवताना हात शिवशिवायचे.

आदल्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये मॅनेजरनं सगळ्यांना बोलावलं होतं. मंदार उपासनी, पुण्याचेच, वय चौतीस, घरातही डोळ्यांवर काळा चष्मा. माणूस वाईट नव्हता. फक्त बोलायचा जरा जास्त आणि वाचायचा जरा कमी.

"उद्या दुपारी बाराला दिल्लीहून समिती येतेय," ते म्हणाले. "हिमस्खलनातल्या बचावकार्याचा कोर्स. दर वर्षी डिसेंबर ते मार्च. तो मिळाला तर इथले सगळे बारा प्रशिक्षक चार महिने कामावर. नाही मिळाला तर पुढच्या वर्षापासून फक्त शनिवार-रविवार बोलावणं. हे मी म्हणत नाही, हेड ऑफिस म्हणतंय."

शनिवार-रविवार म्हणजे काय ते त्या अकरा पोरांना आणि भैजींना नीट कळत होतं. शनिवार-रविवारसाठी कोणी डोंगरावर राहत नाही. मग खाली जाऊन कुणाच्या तरी हॉटेलात भांडी घासायची. भैजी दोन्ही हात काखेत धरून बसले होते.

"त्यामुळे उद्या सगळं चकाचक पाहिजे," उपासनी म्हणाले. "खिडक्या, संडास, जिना, रस्ता, सगळं. पाहुण्यांना कुठेही खाचखळगा दिसता कामा नये. खाडे, कळलं ना?"

"येस सर," मी म्हणालो.

मला काय कळलं ते आता सांगतो. पाहुणे येणार म्हटल्यावर अंगण सारवायचं असतं. अर्धं अंगण सारवून अर्धं उकिरड्यासारखं ठेवणारी बाई आमच्या गावात नांदली नसती. आणि देवाची बाजू म्हणाल, तर देवळापुढचं तर सगळ्यात आधी झाडायला हवं. भैजी भिडस्त माणूस, स्वतःच्या तोंडानं कधी सांगणार नाहीत. आपण न सांगता करून ठेवावं, सकाळी त्यांनी बघावं आणि पाठीवर थाप मारावी. असा सगळा विचार मी रात्री गोधडीत केला आणि शांत झोपलो.

पाच वाजता उठून बांबू उपटले, दीड तासात उजवी बाजू डावीसारखी केली आणि बांबू पुन्हा जागच्या जागी रोवले. तेही सुतळी धरून, सरळ.

भैजी सात वाजता आले. नेहमीप्रमाणे हातात चहाचा मग होता. फाटकापाशी येऊन थांबले. मी तंबाखूची चिमूट गालात सरकवून, जरा बाजूला होऊन उभा राहिलो, म्हणजे त्यांना सगळं नीट दिसावं.

त्यांनी मग फाटकाच्या खांबावर ठेवला. बांबूच्या रांगेपर्यंत चालत गेले. हातमोजा काढला, खाली वाकले आणि उजव्या बाजूच्या बर्फावर तळहात दाबला. हात आत गेला नाही. त्यांनी पुन्हा दाबला.

"कसं झालंय, भैजी?"

"सुंदर," ते म्हणाले. "फार सुंदर झालंय."

पण आवाज असा, की कुणाच्या दारात दहाव्याला आलेत.

"भुला, समिती काय बघायला येतेय, तुला ठाऊक आहे?"

"आपला उतार."

"त्यातला हा अर्धा. हा कच्चा." ते उठून उभे राहिले. "कडा कोसळून माणूस गाडला जातो, तेव्हा त्याच्याकडे जायच्या वाटेवर आधी कुणी बीटर फिरवून ठेवत नाही. मांडीएवढ्या भुसभुशीत बर्फातून जायला शिकायचं, तर असा बर्फ लागतो. खाली खडक नाही आणि वर कुणाचा हात नाही, अशी या सगळ्या डोंगरात ही एकच जागा उरली होती. म्हणून ते येतायत."

मी गालातली तंबाखू थुंकून टाकली.

"मग तुम्ही देवाची बाजू का म्हणालात?"

"कंपनीच्या माणसाला दुसरं काय सांगायचं? चार कंपन्या आल्या आणि गेल्या. प्रत्येकीला सगळाच उतार गुळगुळीत हवा होता. देवाचं नाव काढलं की मशीन थांबतं. वीस वर्षं थांबलंय." त्यांनी हातमोजा पुन्हा चढवला. "मला काय माहीत, तुमच्याकडे देव दिसला की आधी झाडू हातात घेतात."

तेवढ्यात जिन्यावरून उपासनी पळत आले. पायात एक बूट, एक चप्पल, हातात फाईल. समितीची फाईल त्यांच्या टेबलावर तीन आठवडे होती. ती त्यांनी त्या दिवशी ब्रेडला लोणी लावता लावता उघडली होती.

"पान चार!" ते ओरडले. "नैसर्गिक अवस्थेतला, हात न लावलेला उतार, किमान दोनशे मीटर! आपल्याकडे आहे ना तो? आहे ना?"

मग त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि उताराकडे पाहिलं. मला वाटतं त्या हंगामात पहिल्यांदाच पाहिलं.

"खाडे," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"साहेब, मी..." मी सुरुवात केली.

"मी सांगितलं," भैजी म्हणाले.

उपासनी वळले. मीही वळलो.

"तुम्ही? तुम्ही सांगितलं?"

"हो. सकाळी मीच सांगितलं. पाहुण्यांना बरं दिसेल म्हणून." भैजी कुणाकडेही बघत नव्हते. "साहेब, आता साडेसात झालेत. समिती नऊला खालून निघेल, बाराला पोचेल. ओरडायचं ते नंतर ओरडा."

आभाळात औषधालाही ढग नव्हता. बर्फ पडण्याची आशा नव्हती. म्हणजे मग बर्फ पाडावा लागणार होता, आणि आम्ही तो पाडला. सतरा वर्षांच्या नोकरीत मी पूल बांधले, सुरुंग काढले, पण त्या सकाळइतकं अवघड काम कधी केलं नाही.

अकराही पोरं, स्वयंपाकी बिष्ट आणि त्याचे दोन मदतनीस ताडपत्र्या घेऊन देवदारांच्या सावलीत गेले. तिथला मऊ बर्फ ताडपत्रीत भरायचा, चौघांनी चार टोकं धरून ओढत आणायचा आणि उतारावर उधळायचा. मी बीटरचं पातं वाकडं लावून माझंच केलेलं काम खरवडायला लागलो. दोन तासांपूर्वी जिथे मोहरी मोजता आली असती, तिथे आता ढेकळं काढायची होती. कुळवलेलं रान पुन्हा नांगरायची पाळी वैऱ्यावर येऊ नये.

त्यात माझी खोड आड आली. अर्ध्या तासानं भैजींनी हात वर करून मशीन थांबवायला लावलं.

"भुला, जरा खाली उतरून बघ."

मी उतरून पाहिलं. मी केलेले सगळे खड्डे एका रांगेत होते. दोन खड्ड्यांतलं अंतरही सारखं होतं. बटाट्याच्या सऱ्या काढाव्यात तसा उतार दिसत होता.

"तुला वाकडं चालवताच येत नाही का?"

"सवय नाही, भैजी."

मग ते केबिनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. मी चालवायचो आणि ते अधूनमधून, मनाला येईल तेव्हा, माझं कोपर धरून ओढायचे. मशीन हिसका खाऊन भलतीकडे जायचं. मग म्हणायचे, "हां, आता निसर्ग दिसतोय."

केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. मला राहवलं नाही.

"भैजी, तुम्ही का म्हणालात, मी सांगितलं म्हणून?"

"तू तीन महिन्यांचा माणूस. त्यानं तुला तिथल्या तिथे खाली पाठवला असता. मग हे मशीन कुणी चालवलं असतं? मी?" त्यांनी पुन्हा कोपर ओढलं. "मला तो एवढ्यात काही करणार नाही. समितीसमोर उतरून दाखवायला दुसरं कोण आहे त्याच्याकडे?"

"मी आज संध्याकाळी साहेबांना खरं सांगून टाकतो."

"संध्याकाळचं संध्याकाळी. आता डावीकडे घे."

खाली फाटकापाशी, जिथे समिती उभी राहणार होती, तिथे उपासनी स्वतः उभे राहून डोळे बारीक करून बघत होते.

"तो डावीकडचा ढीग फार छान नैसर्गिक वाटतोय," त्यांनी हाक मारली. "तसाच एक उजवीकडेही करा!"

"निसर्ग जोडीनं ढीग घालत नाही, साहेब," भैजी म्हणाले.

अकरा वाजता पावलांचा प्रश्न आला. पंधरा माणसं चार तास नाचल्यावर उतारावर जत्रा उठून गेल्यासारख्या खुणा होत्या. पोरं देवदाराच्या फांद्या घेऊन वर गेली आणि पाठमोरी खाली येत येत आपलीच पावलं झाडत आली. फाटकाजवळचा शेवटचा हात बिष्टनं फिरवला. त्यानं स्वयंपाकघरातली मैद्याची चाळण आणली आणि त्यातून बर्फ चाळून असा भुरभुरला की बघत राहावं. उपासनींनी त्याला एवढंच विचारलं, की यात मैदा राहिला नाही ना.

बारा वाजून दहा मिनिटांनी गाड्या आल्या. समितीत तिघं होते. एक निवृत्त कर्नल, पांढऱ्या जाड भुवयांचे, आणि त्यांच्यामागे मान हलवणारे दोघं. कर्नलनी चहा नको म्हटलं. सरळ फाटकाशी आले, कमरेवर हात ठेवून उजव्या बाजूकडे बघत राहिले. त्या वेळी मला घाम फुटला होता, उणे चार तापमानात.

"दिसायला ठीक आहे," ते म्हणाले. "कुणीतरी उतरून दाखवा."

आता यातली गोम अशी होती. वर हातभर भुसभुशीत बर्फ होता, पण त्याच्याखाली मी सकाळी मन लावून दाबलेला टणक थर तसाच होता. खऱ्या कच्च्या बर्फात स्की बुडते, माणूस गुडघ्यात वाकून तिला वर काढतो, पुन्हा बुडू देतो. इथे ती बुडणारच नव्हती. खालच्या थराला खरवडत सुळकन खाली येणार, आणि ज्याला डोळे आहेत त्याला सगळं कळणार.

भैजी स्की खांद्यावर टाकून वर गेले. वरून ते अगदी लहान दिसत होते. मग निघाले.

मी त्यानंतर बरेच नामांकित लोक उतरताना पाहिले, पण तसं उतरणं पाहिलं नाही. ते गुडघ्यात खोल वाकत होते, जणू बर्फ त्यांना आत ओढतोय. अंगाला हिसका देऊन वर येत होते, थांबल्यासारखे होत होते, पुन्हा आत जात होते. दोनशे मीटरभर. बर्फ त्यांना बुडवत नव्हता, तेच आपले आपण बुडत होते. मधे एका ठिकाणी खालचा थर स्कीला लागला आणि खर्र असा आवाज आला. उपासनी मोठ्यानं खोकले. नंतर दोन दिवस त्यांचा घसा बसला होता.

भैजी फाटकाशी येऊन थांबले. चेहरा पांढरा पडला होता. खोटं बुडायला खऱ्यापेक्षा जास्त ताकद लागते, हे मला त्यांचे थरथरणारे गुडघे बघून कळलं.

कर्नलनी वाकून मूठभर बर्फ उचलला. नेमका बिष्टनं चाळलेला. बोटांमधून तो खाली सोडत म्हणाले, "अस्सल. मशीन फिरवून फिरवून सगळ्यांनी आपापल्या डोंगरांचे रस्ते करून ठेवलेत. असा राखलेला बर्फ मी बऱ्याच वर्षांनी बघतोय."

"आमच्या टीमचं हे धोरणच आहे, सर," उपासनी म्हणाले.

कोर्स मिळाला. कर्नलनी जाता जाताच तोंडी सांगितलं. पोरांनी भैजींना उचलून घेतलं आणि भैजी ओरडले, "खाली ठेवा रे, गुडघे मोडाल!" बिष्टनं रात्रीच्या जेवणाला गोडाचा शिरा केला.

संध्याकाळी मी खरं सांगायला गेलो. खोटं नाही सांगत, गेलो होतो. उपासनी ऑफिसात पुण्याला फोन लावून बसले होते. मला बघून त्यांनी फोनवर हात ठेवला. "खाडे, काय हात आहे हो तुमचा मशीनवर! चार तासांत नव्हत्याचं होतं केलंत. तुमच्या कायमच्या नेमणुकीचं मी लावून धरतोय, काळजी करू नका."

एवढ्या आनंदात असलेल्या माणसाचा विरस करू नये असं मला वाटलं. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि खराच दीड हात बर्फ पडला. बिष्टचा चाळलेला, माझा खरवडलेला, सगळा त्याच्याखाली गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती कशाला उघडायची? भैजीही काही विचारत नव्हते. बांबूंपाशी भेटले की म्हणायचे, "काय भुला, आज देवदर्शन नाही ना?" आणि हसायचे. मला लाज वाटायची. पण लाजेहून भीती मोठी होती, हे कबूल केलेलं बरं.

मूठ उघडली ती उपासनींनी. त्यांच्या हातून इतकं मोठं काम कधी झालंच नव्हतं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. हे दुःख त्यांना दहा दिवसही सोसलं नाही. त्यांनी हेड ऑफिसला सोळा पानांचा अहवाल पाठवला. फोटोंसकट. मैद्याच्या चाळणीचाही फोटो होता. 'प्रसंगावधान आणि नेतृत्व' असं एक अख्खं प्रकरण होतं. आता नेतृत्व दाखवायचं तर संकट लागतं, आणि संकट म्हटलं की ते आणणारा लागतो. तो त्यांनी सकाळी साडेसातला, स्वतःच्या कानांनी, माझ्यादेखत ऐकला होता. त्यात खोटं काही लिहिलं नाही बिचाऱ्यांनी.

पुण्याहून उत्तर आलं ते दोन पत्रांचं. उपासनींनी मला आणि भैजींना एकाच वेळी ऑफिसात बोलावलं. त्यांना पहिल्या पत्राचं वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. ते भरभर वाचत होते.

पहिलं पत्र भैजींचं. राखीव ठेवलेल्या नैसर्गिक उताराची हानी करण्याचा तोंडी आदेश दिल्याबद्दल कलमसिंग पंवार यांना आजपासून उताराच्या कामावरून दूर करण्यात येत आहे. पुढील हंगामात त्यांना बोलावण्यात येऊ नये. कोर्ससाठी प्रशिक्षकांची अकरा नावं मंजूर.

दुसरं पत्र माझं. समितीची अट होती, की कच्च्या उताराच्या रक्षणासाठी एक जबाबदार माणूस नेमावा. त्या जागी ज्योतिराम खाडे. हुद्दा, प्रभारी, कच्चा उतार.

त्यानंतर मी धारखालला अकरा वर्षं काढली. त्या अकरा वर्षांत बांबूच्या उजवीकडे कुणाचंही मशीन जाऊ दिलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. नवे मॅनेजर आले, त्यांनी सगळं गुळगुळीत करायला सांगितलं, मी हटून बसलो. एकदा तर बीटरची चावी खिशात घालून दोन दिवस फिरलो. अर्धा उतार शिकणाऱ्यांसाठी पक्का, अर्धा डोंगरावर जाणाऱ्यांसाठी कच्चा, हे तत्त्व मी आल्यागेल्याला इतकं समजावून सांगायचो, की पुढे त्या कोर्सच्या माहितीपुस्तकात 'कच्च्या उताराची परंपरा श्री. खाडे यांनी सुरू केली' असं छापून आलं. त्या कर्नलच्या हातून मला शालही मिळाली. भैजी खाली गावात आपल्या जावयाच्या दुकानात बसायचे. मी सुट्टीवर जाता येताना गाडी दुकानासमोरून जायची, पण नेमकी तेव्हा मला झोप लागायची.

पण त्या दिवशी ऑफिसात अजून काहीच ठरलं नव्हतं. पत्रं टेबलावर होती. माझ्या पत्राखाली सहीची जागा रिकामी होती.

"कलमसिंगजी, तुम्हाला काही म्हणायचंय?" उपासनींनी विचारलं.

"नाही," भैजी म्हणाले. "पोरांची नावं आलीत ना सगळी? बास."

"आणि तुम्हाला, खाडे?"

भैजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता आणि विनवणीही नव्हती. हा आता काय बोलतो, एवढंच ते बघत होते. वाक्य माझ्याकडे तयार होतं. गेले दोन आठवडे रोज बीटरमध्ये बसून मी ते घोकलं होतं. साहेब, भैजींनी मला काहीही सांगितलं नव्हतं, ते सगळं मी माझ्या मनानं केलं. मी खुर्चीवरून उठलो. पलटणीतल्यासारखे दोन्ही हात पँटच्या शिवणीला लावले. तोंड उघडलं.

"साहेब," मी म्हणालो, "ही नेमणूक कायमची ना?"

उपासनी हसले. "अहो, कायमची म्हणजे काय, अगदी कायमची. इथे सही करा."

मी खिसे चाचपले. पेन नव्हतं. उपासनी ड्रॉवर उघडून शोधायला लागले. तेवढ्यात भैजींनी कोटाच्या आतल्या खिशातून आपलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

मी सही केली. पेन परत देताना त्यांना थँक्यू म्हणालो.